अकरा वर्षांनी घरी जातेय, तयारी कुठून सुरू करू?

रानजाई

नमस्कार मंडळी. डिसेंबरात घरी जातेय. घरी म्हणजे संगमेश्वर तालुक्यात, देवरुखपासून थोडं आत. मी ओहायोत असते. शेवटची गेले होते 2014 च्या मे महिन्यात, तेव्हा पोरं नव्हती. आता थोरला नऊ वर्षांचा आणि धाकटी पाच, आणि दोघांनी आजीला फक्त फोनच्या काचेत बघितलंय.

एवढी वर्षं का नाही गेलीस असं विचाराल. 2015 ला व्हिसाचा शिक्का संपला, मग बाळंतपण, मग ज्याला त्याला स्टॅम्पिंगमध्ये, म्हणजे पासपोर्टवर नवा व्हिसा लावून घेताना, अडकताना बघून आम्ही घाबरलो, वकील म्हणाले थांबा, आम्ही थांबलो, मग कोविड, मग धाकटी, मग हातात कागद असताना नवऱ्याची नोकरी गेली. ग्रीन कार्डाच्या रांगेत, ईबी-टू म्हणतात त्या गटात, आमची तारीख नोव्हेंबर 2012 ची, ग्रीन कार्ड आलं यंदा मार्चमध्ये. हे सगळं खरं आहे पण पूर्ण खरं नाहीये. एप्रिल 2021 मध्ये बाबा गेले. दादाने व्हिडिओ कॉल लावून फोन कुणाच्या तरी हातात दिला होता आणि माझ्याकडे रात्रीचे अडीच वाजलेले. त्यानंतर मधल्या काळात एकदा जाता आलं असतं, मीच टाळलं. त्या घरात शिरायचं आणि पडवीतल्या आरामखुर्चीत कुणी नसणार, हे मला जमणार नाही असं वाटायचं. अजूनही वाटतं.

आता तिकिटं बघतेय, 12 डिसेंबर ते 18 जानेवारी. नवरा दोनच आठवडे येणार, सासर पुण्याला. घरी आई, दादा, वहिनी आणि त्यांचा मुलगा, तो आता बारावीला आहे, मी गेले होते तेव्हा तो पहिलीत होता.

माझे प्रश्न सगळे एकमेकांत गुंतलेत म्हणून तसेच लिहिते. मुलांना मराठी कळतं पण उत्तर इंग्रजीतच देतात, चार महिन्यांत काय करता येईल? भेटवस्तू काय न्यायच्या, म्हणजे आता तिकडे सगळंच मिळतं ना? बँकेचं खातं, पॅन वगैरे सगळं झोपलेलं आहे. संगमेश्वरपर्यंत ट्रेनने जावं का गाडीने? आणि एक. बाबांनी 2014 ला विमानतळावर निघताना माझ्या हातात पाचशेच्या सहा नोटा कोंबल्या होत्या, वाटेत लागतील म्हणून. त्या अजून माझ्या पासपोर्टच्या पाकिटात आहेत. त्यांचं काही होतं का?

ज्यांनी असा खूप मोठा खंड पडल्यावर घर गाठलंय त्यांनी प्लीज लिहा. बॅगेची यादी मला इंटरनेटवर मिळेल, पण आत काय तयारी करायची ते कुठे मिळत नाहीये.

---

संत्रानगर

मी मूळचा नागपूरचा, जर्मनीत असतो, मागच्या वर्षी आठ वर्षांनी गेलो होतो. आतल्या तयारीचं बाकीचे लिहितील, मी कागदांचं लिहितो, कारण माझी अर्धी सुट्टी त्यातच गेली आणि तुमची जाऊ नये.

आधी मुलं. त्यांच्याकडे अमेरिकन पासपोर्ट असणार, म्हणजे ओसीआय (मूळच्या भारतीयांना मिळणारं कार्ड) किंवा ई-व्हिसा हवाच. सोळाच्या आतल्या मुलांचा अमेरिकन पासपोर्ट पाचच वर्षं चालतो, तारीख आजच बघा, कारण नवीन काढताना आईबाप दोघं समोर लागतात नाहीतर न आलेल्याचं नोटराइज केलेलं संमतीपत्र लागतं. ओसीआयला आता हात घातला तर डिसेंबरपर्यंत होईलही, पण एका कागदाने अडलं की आठवडे जातात, तेव्हा ऑक्टोबरअखेर हातात नसेल तर ई-टुरिस्ट व्हिसा काढून मोकळे व्हा, ओसीआय नंतर. तुमचा भारतीय पासपोर्ट आहे ना, त्याचीही मुदत बघा.

बँक. तुमचं जुनं साधं सेव्हिंग खातं असेल तर परदेशी राहायला गेल्यावर ते एनआरओ, म्हणजे एनआरआयचं भारतातल्या पैशांचं खातं, करून घ्यायला हवं होतं, बहुतेक जण करत नाहीत. दोन वर्षं व्यवहार नसला की खातं इनऑपरेटिव्ह होतं, ते जागं करायला केवायसी लागतं. शाखेला आत्ताच ईमेल टाका आणि काय काय आणायचं ते लेखी मागून घ्या. पॅनचं असं आहे की आधारशी जोडलं नाही म्हणून कित्येकांचं पॅन बंद दाखवतं. एनआरआयला त्या जोडणीतून सूट आहे, पण आपण एनआरआय आहोत हे आयकर खात्याच्या नोंदीत असलं तर ना. ते आधी तिथे बदलून घ्या.

2014 नंतर सगळ्यात मोठा बदल तुम्हाला पैसे देतानाच जाणवणार. भाजीवाली, रिक्षावाला, देवळाबाहेरचा नारळवाला, सगळे क्यूआर कोड पुढे करतात आणि शंभराची नोट दिली तर सुट्टे नाहीत म्हणतात. एनआरओ किंवा एनआरई (परदेशातून पाठवलेल्या पैशांचं) खात्यावर अमेरिकेचा मोबाईल नंबर ठेवूनही यूपीआय चालू करता येतं, सगळ्या बँका देत नाहीत पण बऱ्याच देतात. मी ते केलं नव्हतं आणि दर वेळी पुतण्याला पैसे भरायला लावायचो, आठ वर्षांनी आलेल्या काकाने पुतण्याच्या फोनवरून चहा पाजायचा म्हणजे कसंतरीच वाटतं हो.

ट्रेन. रिझर्व्हेशन आता 120 नाही, 60 दिवस आधी उघडतं, नोव्हेंबर 2024 पासून. म्हणजे तुमच्यासाठी ऑक्टोबरच्या मध्यावर. ख्रिसमसच्या तोंडावर कोकण रेल्वेला गोव्याची गर्दी असते, पहिल्याच दिवशी सकाळी भावाला काढायला सांगा. तत्काळच्या भरवशावर राहू नका, त्याला जुलै 2025 पासून रेल्वेच्या साइटवर आधार जोडलेलं खातं लागतं. आणि राज्यराणी शोधत बसू नका, तुम्ही गेलात तेव्हा दादरहून रात्री सुटायची ती गाडी, तिचं नाव 2017 पासून तुतारी एक्सप्रेस आहे. गावांची नावंही बदललीत, औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर, अहमदनगरचं अहिल्यानगर, पुण्याहून कुठे फिरणार असाल तर लक्षात ठेवा.

पाचशेच्या नोटा 8 नोव्हेंबर 2016 ला रद्द झाल्या. बँक घेणार नाही, कुणीच घेणार नाही. पण ताई, मी तुमच्या जागी असतो तर आहेत तिथेच राहू दिल्या असत्या.

---

उंबरठ्यावरची

मी दुसऱ्या बाजूने लिहिते. मी कराडजवळच्या एका गावात असते, माझी नणंद ऑस्ट्रेलियात आहे, ती नऊ वर्षांनी आली होती तेव्हाचं सांगते. मोठं होईल, सांभाळून घ्या.

ताई येणार हे कळल्यावर आमच्या सासूबाईंनी तीन महिने आधीपासून घर डोक्यावर घेतलं. भिंतींना रंग, नातवंडांना बसता यावं म्हणून कमोड, गाद्या पिंजून घेतल्या, भाजणी, मेतकूट, लाडू, चकल्या, आणि हे सगळं स्वतः उभं राहून, कारण लेकीचं आहे ना, मी केलेलं चालणार नाही. परिणाम असा की ताई आल्या त्या दिवशी सासूबाईंच्या पायाला सूज होती आणि बीपी वर गेलेलं. ताईंनी बघितलं ते हे. आणि दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात माझ्यासमोरच म्हणाल्या, आई किती वाळली, इथे कुणी बघत नाही का गं तुझ्याकडे. त्यांना मला बोलायचं नव्हतं हे मला आज कळतं, त्या घाबरल्या होत्या. पण तेव्हा मी मोरीत जाऊन रडले. नऊ वर्षं रात्री-अपरात्री उठून मीच पाणी दिलेलं.

म्हणून सांगते, आत्ताच आईंना स्पष्ट सांगून ठेवा की काय काय करायचं नाही. नुसतं काही करू नकोस म्हटलं तर आया ऐकत नाहीत. असं सांगा की लाडू आपण दोघी मिळून करू, मुलांना दाखवायचे आहेत, तू आधी करून ठेवलेस तर ते काय बघणार. हे त्या ऐकतात.

दुसरं, फोनवर तुमची आई कायम बसलेलीच दिसते. कधी लक्षात आलंय का? आम्ही कॉल लावतो तेव्हा सासूबाई केस नीट करून, चांगली साडी नेसून खुर्चीत बसतात आणि फक्त चेहरा दिसतो. चेहरा फार बदलत नाही. ताई दारात आल्या आणि सासूबाई उठून भिंतीला धरत धरत पुढे आल्या तेव्हा ताईंच्या हातातली बॅगच खाली पडली. कंबरेत वाकलेली आई त्यांनी बघितलीच नव्हती. तुमच्या दादांना सांगा, आईचा चालतानाचा एक व्हिडिओ पाठवा. विहिरीवर जाताना, पायरी चढताना, कसाही. आणि ऐकू किती येतं, रात्री किती वेळा उठतात, गोळ्या कुठल्या, हे सगळं वहिनीला विचारा. आईला विचारू नका, ती मी ठणठणीत आहे असंच म्हणणार. आणि वहिनीला फोन करा म्हणजे वहिनीलाच करा, दादाच्या फोनवरून मागून हाक मारून नाही. तिचा नंबर आहे ना तुमच्याकडे? आमच्या ताईंकडे माझा नंबर नव्हता, नऊ वर्षं.

आल्यावर पहिले चार दिवस काही बदलू नका. डबे हलवू नका, कपाट आवरायला घेऊ नका, डॉक्टर बदलू नका. मला माहितीये तुम्हाला सगळं पाच आठवड्यांत करून टाकायचं असतं, पण तुम्ही गेल्यावर ते घर आम्हालाच चालवायचं असतं, आणि नवीन डॉक्टरने लिहिलेली गोळी सासूबाईंना सोसली नाही तर रात्री तालुक्याला आम्हीच पळतो.

भेटवस्तूंचं विचारलंत. बदामाची मोठी पाकिटं, लोशनच्या बाटल्या, चॉकलेटं, सगळं इथे मिळतं आता. आणायचंच तर वहिनीला विचारून आणा. पण मला विचाराल तर सगळ्यात मोठं देणं वेगळंच आहे. ताई दुसऱ्यांदा आल्या, म्हणजे त्यानंतर तीन वर्षांनी, तेव्हा पहिल्या आठवड्यात मला म्हणाल्या, वहिनी, मला सगळं नीट दाखवून द्या, आईच्या गोळ्या, पथ्य, आंघोळीचं, आणि तुम्ही आठ दिवस माहेरी जाऊन या, मी आहे इथे. मला सहा वर्षांत माहेरी सलग दोन रात्रीही मिळाल्या नव्हत्या. त्या आठ दिवसांत ताईंना सगळंच कळलं. मला काही सांगावं लागलं नाही.

---

रानजाई

उंबरठ्यावरची, तुमचं वाचून मी किचनमध्ये उभीच राहिले. माझ्याकडेही वहिनीचा नंबर नाहीये. खरंच नाहीये. फॅमिली ग्रुपवर आहे पण कधी वेगळा सेव्ह केला नाही, कधी एकटीला फोन लावला नाही. आजच करते.

संत्रानगर, धाकटीचा पासपोर्ट जानेवारीच्या शेवटी संपतोय, तुम्ही लिहिलं नसतंत तर बघितलाच नसता. धन्यवाद.

---

दाभोळखाडी

अस्सलाम आलेकुम ताई. मी दापोली तालुक्यातला, कुवेतला असतो. आमच्याकडे प्रत्येक घरातलं कुणी ना कुणी आखातात आहे, दोन वर्षांनी सुट्टी मिळते, पण मला मध्ये साडेसहा वर्षं जाता आलं नाही. कोविड, मग कंपनीने पगार थकवला, पासपोर्ट त्यांच्याकडे, सोडून दुसरीकडे जाता येईना. ते जाऊ दे.

तुम्ही पोरांना घेऊन आजीकडे चाललाय. मी एकटा माझ्याच पोरांकडे चाललो होतो. मुलगा दोन वर्षांचा होता तेव्हा निघालो, पोचलो तेव्हा साडेआठ वर्षांचा. फोनवर रोज बोलायचा, अब्बा कधी येणार, अब्बा सायकल आणा, आणि समोर आलो तर दादीच्या मागे लपला. पहिले तीन दिवस माझ्याशी बोलताना माझ्याकडे न बघता बायकोच्या फोनकडे बघायचा. आदत झाली होती त्याला. मी कार्गोने दोन मोठे बॉक्स पाठवले होते, खेळणी, बूट, कंबळं, सगळं त्याच्यापुढे उघडलं. त्याने घेतलं आणि परत आत जाऊन बसला.

चौथ्या दिवशी गॅस संपला. मी गाडीवर सिलिंडर आणायला निघालो तर म्हणाला मी येतो. सिलिंडर मागे, तो पुढे टाकीवर, रस्त्यात खाडीवर थांबलो, तिथे कोलंबी घेतली, त्याने भाव केला, माझ्यापेक्षा चांगला केला. घरी येऊन अम्मीला सांगितलं की अब्बाला भाव करता येत नाही. तिथून तो माझा झाला. सायकलने नाही झाला.

तुमच्या पोरांचं पण तसंच होईल बघा. आजीपुढे बसवून आजीशी बोल, मराठीत बोल, असं केलं तर तोंड शिवून बसतील. काम द्या. आजीसोबत शेंगा सोलायला, कोंबड्यांना दाणे टाकायला, पाणी तापवायला लाकडं आणायला. हातात काम असलं की तोंड आपोआप चालतं, आणि अर्धं इंग्रजी अर्धं मराठी चालतंय, आजीला कळतं. आतापासून काय करायचं म्हणाल तर आठवड्यातून दोनदा फोन लावून तुम्ही बाजूला व्हा. पाच मिनिटं दोघं काय बोलायचं ते बोलू देत. आपण मध्ये बसून अनुवाद करतो ना, त्यानेच पोरं आळशी होतात. माझी अम्मी माझ्या मुलाला कोडी घालायची, तो उत्तर शोधून दुसऱ्या दिवशी सांगायचा, मध्ये कुणी नसायचं.

चार शब्द मात्र पक्के करून घ्या. पुरे, पोट भरलं, दुखतंय, आणि मला तुमच्याबरोबर यायचंय. शेवटचा सगळ्यात कामाचा.

आणि वडिलांचं. माझे अब्बा पण मधल्या काळात गेले. मी पोचल्यावर बॅग दारात ठेवली आणि आधी कबरस्तानात गेलो, आंघोळ पण नंतर केली. तुमच्यात तसं नसतं, पण एक जागा ठरवा की जिथे जाऊन तुम्ही रडणार आहात. नाहीतर मग जेवताना, पाहुण्यांसमोर, कुठेही येतं, आणि आई घाबरते.

---

पडवीतलेकाका

रानजाई, बाळ, मी लांज्याकडचा. महसूल खात्यात नोकरी केली, आता रिटायर. दोन गोष्टी लिहितो, एक गोड नाही.

पहिली. अकरा वर्षांत वाडीत किती माणसं गेली याची यादी तुझ्याकडे नसणार. आई फोनवर सांगत नाही, पोरगी लांब आहे, कशाला तिला त्रास, म्हणून. मग तू जाशील, समोर शेजारची काकू भेटेल आणि तू हसत विचारशील, काका कसे आहेत. हे मी माझ्या पुतण्याच्या बाबतीत डोळ्यांनी पाहिलंय, तो बॉस्टनहून आला होता. त्या बाईचं तोंड मला अजून आठवतं. तेव्हा निघण्यापूर्वी दादाला घेऊन बस आणि घराघराने विचार, कोण गेलं, कुणाची सून आली, कुणाचं मोडलं, कुणाशी आपलं बोलणं बंद आहे. हे लिहून घे. आणि गावात भेटीला निघशील तेव्हा ज्या घरातलं माणूस गेलंय तिथे आधी जा, हातात गोडाधोडाचा पुडा न घेता. बसायचं, पाणी प्यायचं, ते बोलतील ते ऐकायचं. वर्षं झाली म्हणून ते भेटणं चुकत नाही. तुझ्या बाबांच्या वेळी कोविडमुळे कुणाला येता आलं नव्हतं, तेव्हा लोक तुझ्याकडेही बोलायला येतील. कित्येकांचं ते बोलायचं राहून गेलंय. चार वर्षं मनात धरून आहेत. त्यांना बोलू दे.

पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी घरच्या देवापुढे दिवा लाव, ग्रामदेवतेला नारळ दे, देवीची ओटी भर, माहेरवाशीण आहेस. 18 जानेवारीला परतणार म्हणतेस म्हणजे संक्रांतीला इथे आहेस. मारळच्या मार्लेश्वराची यात्रा असते, देवाचं लग्न लागतं, मुलांना जरूर ने. पायऱ्या आहेत भरपूर, आईला मात्र खाली थांबव.

दुसरी गोष्ट. वडील गेले म्हणजे घर आणि जमीन यांना वारस लागले असणार. आई, दादा आणि तू. सातबारा आता महाभूलेखवर घरबसल्या दिसतो, जाण्याआधी बघून घे, वारस नोंद झाली आहे का, फेरफारात तुझं नाव आहे का. नाव नसेल तर लगेच भांडायला उठू नको, कित्येकदा कुणी काही केलेलंच नसतं, राहून गेलेलं असतं. मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे, हे तुला माहीत असेल. दादा हक्कसोडपत्राचं बोलेल किंवा बोलणार नाही. बोलला तर त्याच्या मनात खोट आहे असं समजू नको, कर्ज काढायला, घर दुरुस्त करायला त्याला दर वेळी तुझी सही लागते आणि तू अमेरिकेत. पण सही करायची की नाही हे तिथे माजघरात, आईच्या डोळ्यांसमोर, पहिल्या आठ दिवसांत ठरवायचं नाही. तू आधीच नवऱ्याशी बोल, स्वतःशी बोल, मग दादाशी एकट्याशी बोल. हक्कसोड नोंदणी करूनच द्यावा लागतो, देवरुखला दुय्यम निबंधकाकडे जाऊन, आणि एकदा दिला की दिला. दिलास तर आनंदाने दे आणि नाही दिलास तरी का ते त्याला सरळ सांग. मी चाळीस वर्षं हेच बघितलं, की बहिणी सही करून जातात आणि मग दहा वर्षं फोनवर कुरकुरतात.

---

उंबरठ्यावरची

काका बरोबर बोलले. आमच्याकडे सही झाली पण ताईंनी एक अट घातली होती, मागची खोली कायम त्यांची. कागदावर नाही, तोंडी. आम्ही ती खोली आजवर भाड्याने दिली नाही.

---

संत्रानगर

गाडी की ट्रेनचं राहून गेलं. मी तो रस्ता चालवलेला नाही पण माझा रत्नागिरीचा रूममेट सांगतो की मुंबई-गोवा हायवेचं चौपदरीकरण 2011 पासून चालूच आहे, कशेडीचा घाट बोगद्यामुळे सुटला पण मध्ये मध्ये काम अजून आहे. विमानातून उतरून त्याच दिवशी दोन लहान मुलांना घेऊन त्या रस्त्याला लागू नका असं त्याचं म्हणणं. मुंबईत कुणाकडे एक-दोन रात्री काढा, मग ट्रेन. टायफॉइडची लस मुलांना निघायच्या किमान दोन आठवडे आधी द्या म्हणजे अंगात भिनते.

---

रानजाई

सगळ्यांना उत्तर द्यायला तीन आठवडे लागले, माफ करा. मध्ये बरंच झालं.

वहिनीला फोन केला. पहिला फोन चार मिनिटं, ती नुसतं हो, नाही, बरं आहे म्हणत होती. मी काय विचारू मलाही सुचेना. मग म्हटलं आईच्या गोळ्या मला लिहून देशील का, तर तिने सगळ्या पाकिटांचे फोटो काढून पाठवले आणि खाली एकेक ओळ, ही सकाळी उपाशीपोटी, ही त्या चुकवतात, लक्ष ठेवावं लागतं. आता दर रविवारी बोलतो आम्ही. तिचं माहेर साखरप्याला, मला वाटत होतं ती सारखी जात असेल, इतकं जवळ आहे. दोन वर्षांपूर्वी गेली होती, एक दिवस. सासरची मंडळी पुण्यात ख्रिसमसचा आठवडा मागत होती, नवऱ्याने सांगितलंय की तो आठवडा आम्ही चौघं पुण्यात, आणि जानेवारीचे पहिले आठ दिवस वहिनी साखरप्याला आणि आई माझ्याकडे. वहिनीने दोनदा विचारलं, नक्की ना.

दादाबरोबर बसून यादी केली. एकोणीस माणसं. त्यातल्या अकरांचं मला माहीतच नव्हतं. ज्यांनी मला पोहायला शिकवलं ते शेजारचे आबासुद्धा. काका, तुम्ही लिहिलं नसतंत तर मी त्यांच्यासाठी स्वेटर घेऊन गेले असते, घेऊन ठेवलाच होता.

सातबारा बघितला. वारस नोंद 2022 ला झालीये, माझं नाव आहे. दादाने मला न सांगता लावलेलं आहे. मी त्याला यावर अजून काही बोलले नाही, समोर बसूनच बोलेन.

आईला नोटांचं सांगितलं. ती म्हणाली त्या पैशातलं शेवटचं पाचशे त्यांनी माझ्याकडून घेतलं होतं, मला परत दे. मग बराच वेळ काही बोलली नाही. सहाही नोटा नेतेय, त्यांचं पाकीट तिने जपून ठेवलंय, त्यात ठेवायच्या म्हणते. आरामखुर्ची पडवीतच आहे. दादा म्हणतो तिच्यावर मांजर झोपतं आणि आई त्याला उठवू देत नाही. मी ठरवलंय, रडायची जागा तीच.

तिकिटं काढली, 12 डिसेंबरचीच. डोंबिवलीला मावशीकडे दोन रात्री आणि मग तुतारी.

आणि काल दादाने व्हिडिओ पाठवला. आई विहिरीकडून कळशी न घेता नुसती येतेय, एक हात गुडघ्यावर. मधल्या दगडापाशी थांबते, श्वास घेते, मग दोन पायऱ्या बसल्यासारखी होऊन चढते. मी पहिल्यांदा पूर्ण बघू शकले नाही. तिसऱ्यांदा आवाज लावून बघितला तेव्हा कळलं की ती दादाला ओरडतेय, तिला कशाला दाखवतोस, मी काय आजारी आहे. आणि मग पडवीत टेकल्यावर थेट फोनकडे बघून विचारते, पोरांना तिखट चालतं का गं?

चालत नाही. आजपासून पोह्यांत अर्धी मिरची घालायला लागलेय.